हूल कोणाला द्यावी? पोकरच्या छोट्या टेबलाचे गणित

२००३ मध्ये लास वेगास येथील 'वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर'च्या अंतिम लढतीत टेनेसीचे हौशी खेळाडू ख्रिस मनीमेकर यांनी हाती साधी जोडीही नसताना आपली सर्व रक्कम लावली. अनुभवी सॅम फरहा यांच्याकडे नव्व्यांची जोडी होती. तरीही त्यांनी पत्ते टाकले. मनीमेकर यांनी विजेतेपदासह २५ लाख डॉलर पटकावले. दूरचित्रवाणीवर गाजलेल्या या हुलीने असंख्य हौशी खेळाडूंना पोकरकडे ओढले. मात्र कॅसिनोतील सर्वांत कमी रकमेच्या टेबलावर तीच चाल बहुधा अंगाशी येते.

या टेबलांवर मुख्यतः 'टेक्सास होल्डेम' खेळला जातो. प्रत्येकाला दोन पाने मिळतात आणि पाच पाने सर्वांसाठी मध्ये उघडली जातात. करमणुकीसाठी आलेले अनेक खेळाडू जवळजवळ कोणत्याही पानांवर डावात शिरतात. स्वतः रक्कम क्वचितच वाढवतात, पण दुसऱ्याने लावलेल्या रकमेची बरोबरी करत शेवटपर्यंत टिकून राहतात.

हूल यशस्वी होण्यासाठी समोरच्याने पत्ते टाकावे लागतात. मध्ये १०० डॉलर असताना १०० डॉलरची हूल दिली, तर निदान निम्म्या वेळा सर्वांनी माघार घेतली पाहिजे. समोर तिघे असून प्रत्येकाची माघारीची शक्यता निम्मी धरली, तरी तिघेही एकाच वेळी हटण्याची शक्यता केवळ साडेबारा टक्के उरते.

म्हणून अशा टेबलावर चांगल्या पानांवर मोकळ्या हाताने पैसे लावणे, हाच मुख्य मार्ग ठरतो. दोन एक्के एका अनोळखी हाताविरुद्ध सुमारे ८५ टक्के वेळा जिंकतात. पाच जणांविरुद्ध हे प्रमाण सुमारे ४९ टक्क्यांवर येते. तथापि सहा जणांनी सारखी रक्कम लावली, तर एक्केवाल्याचा वाटा सहाव्या हिश्श्याचा असतो आणि विजयाची शक्यता जवळपास निम्मी. डाव अधिक वेळा हरूनही दीर्घकाळात नफा वाढतो, तो यामुळेच.

विरोधक रक्कम वाढवत नसल्याने अपुरी पानेही स्वस्तात पुढे नेता येतात. हातातील दोन आणि मधली दोन अशी बदामाची चार पाने जमली असतील, तर पुढच्याच पानावर पाचवे बदाम येण्याची शक्यता सुमारे १९ टक्के असते. १०० डॉलर जिंकण्यासाठी १० डॉलर द्यावे लागत असतील, तर ९ टक्क्यांहून थोडी अधिक शक्यताही पुरेशी असते. याउलट, एरवी गप्प बसणाऱ्या खेळाडूने शेवटी अचानक रक्कम वाढवली, तर त्याच्याकडे बहुधा खरोखरच भक्कम पाने असतात. अशा वेळी एक्क्यांची जोडीही सोडून देणे शहाणपणाचे ठरते.

हे गणित साधले तरी नफ्याची हमी नाही. लास वेगास असो वा गोव्यात मांडवी नदीतील जहाजांवरचे कॅसिनो, कॅसिनो आपले शुल्क वसूल करतोच. बहुधा ते प्रत्येक डावातील रकमेतून कापले जाते. लहान डावांत ही कपात तुलनेने जड पडते. त्यामुळे केवळ इतरांपेक्षा बरे खेळणे पुरत नाही. ती कपात भरून निघेल इतके सरस खेळावे लागते. शिवाय उत्तम खेळूनही सलग अनेक डाव जाऊ शकतात. म्हणूनच गमावणे परवडेल तेवढीच रक्कम घेऊन टेबलावर बसणे, हा या खेळातील पहिला हिशेब होय.