कराटेच्या सरांची फी कोणी भरायची?



गेल्या महिन्यात इस्लामपूरच्या एका वस्तीतल्या विहारात आम्ही मुलींचं हिमोग्लोबिन तपासत होतो. एका मुलीचं बोट टोचत असताना शेजारी बसलेल्या तिच्या आईनं विषय काढला. "सिस्टर, कराटेचं सर आता म्हैन्याला तीनशे मागाय लागल्यात. माझ्या दोन पोरी, म्हंजे सहाशे झालं. दोन वर्सं फुकट शिकवलं की त्यांनी. बाबासाहेबांच्या फोटोम्होरं शिकवायचं आन् पैसं घ्यायचं, ह्ये बरं दिसतंय का?"

सर बाहेर पायरीवरच बसले होते. सर म्हणजे वस्तीतलाच पंचविशीतला मुलगा, एमआयडीसीत कामाला. तिथूनच तो म्हणाला, "मावशी, तुमच्या पोरींच्या पैशावर मी माडी बांधाय निघालो न्हाई. आठवड्यातनं तीन दिवस ओव्हरटाइम सोडून येतो. घरात आई इचारती, तुला त्यातनं काय मिळतंय? काय सांगू तिला?"

दोघंही खरं बोलत होती. पंधरा दिवसांनी आम्ही रिपोर्ट द्यायला गेलो तेव्हा वर्ग बंद पडला होता. संध्याकाळच्या वेळी विहाराचं अंगण रिकामं. भांडण पैशाचं झालं आणि नुकसान मुलींच्या तब्येतीचं. म्हणून हा विषय आम्ही आरोग्याच्या पानावर घेतला आहे.

नियमित व्यायामानं हाडं आणि स्नायू मजबूत होतात, भूक लागते, झोप लागते, हे सगळ्यांना माहीत आहे. पण आपल्या घरांत मुलीला पाळी आली की तिचं पळणं-खेळणं सुटतं. जिथं असा वर्ग चालतो तिथं ते सुटत नाही. शाळेतून येताना कुणी छेड काढली तर आवाज कसा चढवायचा, तिथून कसं निसटायचं आणि घरी येऊन न लाजता कसं सांगायचं, हेही तिथंच शिकायला मिळतं. असा वर्ग बंद पडणं परवडणारं नाही.

फुकटानंही तोंड बंद होतं, फीनंही

आमच्या कामात पाहिलेल्या दोन दुखापती सांगतो.

एक मुलगी मोफत वर्गात शिकत होती. फरशीवर पडली, मनगट दुखावलं. शिकवणाऱ्यानं तिला हाड बसवणाऱ्याकडे नेलं. त्यानं चोळून घट्ट पट्टी बांधली. चार दिवसांनी ती आमच्याकडे आली तेव्हा बोटं सुजून काळीनिळी पडली होती. एक्स-रे काढला, हाड मोडलेलं. आम्ही तिच्या वडिलांना विचारलं, सरांना जाब का विचारला नाही? ते म्हणाले, "फुकट शिकवत्यात, त्यांस्नी कसं बोलायचं?"

दुसरी मुलगी शहरातल्या फीच्या क्लासला जात होती. बेल्टच्या परीक्षेआधी आठ दिवस तिचा गुडघा सुजला. आईनं परीक्षेची फी आणि ड्रेस यासाठी बचत गटातून कर्ज काढलेलं. पैसे वाया जातील म्हणून पोरीनं दुखणं लपवलं, सुजलेल्या गुडघ्यावर परीक्षा दिली आणि पुढे वर्षभर तिला खेळता आलं नाही.

पहिल्या घरात उपकारानं बापाचं तोंड बंद केलं. दुसऱ्या घरात पैशानं पोरीचं. म्हणजे 'फी घ्यावी की घेऊ नये' एवढ्यानं प्रश्न सुटत नाही. पैसे कोण देतं आणि जाब कोण विचारू शकतं, हे पाहायला हवं.

गुरुदक्षिणेच्या गोष्टी

'आपल्याकडे विद्या विकत नसत' असं मोठ्या अभिमानानं सांगितलं जातं. ते तपासून पाहू. द्रोणानं एकलव्याला एक दिवसही शिकवलं नाही, फी ठरवली नाही, आणि शेवटी दक्षिणा म्हणून उजव्या हाताचा अंगठा घेतला. आपल्या परंपरेतल्या अंगुलिमालाची गोष्टही अशीच. अट्ठकथेत येतं की तो तक्षशिलेला शिकणारा अहिंसक नावाचा गुणी विद्यार्थी होता. कान भरलेल्या आचार्यानं त्याच्याकडे दक्षिणेत हजार माणसांची बोटं मागितली. दोन्ही गोष्टींत आधी काही ठरलेलं नाही, आणि म्हणून मागणीला धरबंध नाही.

जातककथांत दुसरा प्रकारही दिसतो. तिलमुट्ठि जातकात तक्षशिलेचा आचार्य नव्या विद्यार्थ्याला पहिल्याच भेटीत विचारतो: फी आणली आहेस, की सेवा करून शिकणार? फी देणारे आचार्याच्या घरी थोरल्या मुलासारखे राहून शिकत. न देणारे दिवसा आचार्याचं काम करत आणि रात्री शिकत. व्यवहार उघड होता, हे चांगलं. पण गरिबाचं पोर दिवसभर राबून थकल्यावरच शिकायला बसे, हेही त्यातच आलं.

तथागतांनी मात्र आयुष्याच्या अखेरीस आनंदाला सांगितलं की, आचार्य मूठ झाकून काही राखून ठेवतो तसं आपण काही राखलेलं नाही. आपल्याकडचे काही कार्यकर्ते याच आधारावर म्हणतात की शिकवण्याचे पैसे घेणं धम्माला धरून नाही. पण त्या वचनाचा अर्थ विद्या लपवू नये असा आहे. शिकवणाऱ्यानं उपाशी राहावं असा नाही. भिक्खू संघाच्या जेवणाची, चिवराची, औषधाची जबाबदारी उपासक-उपासिकांनी उचललीच होती.

आणि एक गोष्ट आपण तरी विसरू नये. महार वतनाच्या नावाखाली आपल्या पूर्वजांना गावानं पिढ्यान् पिढ्या नाममात्र मोबदल्यात राबवलं. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक मांडलं. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते, तेव्हा कामाचे तास आणि कामाचा दाम हेच त्यांच्या टेबलावरचे विषय होते. समता सैनिक दलाचे सैनिक ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर मोफत राबतात, ती सेवा आहे, तिला आमचा सलाम. पण आठवड्यातून तीन दिवस, वर्षभर, दुसऱ्यांची मुलं सांभाळून शिकवणं हे काम आहे. ते आपल्याच पोराकडून फुकट करून घ्यायचं आणि वर त्याला बोल लावायचे, हे बाबासाहेबांच्या फोटोसमोर शोभत नाही.

मग पैसे कुणाचे?

या भागाला याचं उत्तर जुनं माहीत आहे. तालमीतला वस्ताद महिन्याची फी घेत नसे, कारण त्याच्या पोटाची काळजी गाव घेई. कोल्हापूरच्या मल्लांचा खुराक शाहू महाराजांच्या दरबारातून येई. अनेक गावांत त्या तांबड्या मातीत आपल्या आजोबांना मात्र पाय ठेवता येत नव्हता. म्हणूनच पुण्यात लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीचं मोल मोठं. जोतीराव फुले तिथं दांडपट्टा शिकले.

कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा खर्चाला कोल्हापूरचे महाराज होते. १९५२ साली हेलसिंकीला जाताना संस्थान उरलं नव्हतं. तेव्हा लोकांनी वर्गणी दिली आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक असं आलं. राजा गेल्यावर त्याची जागा लोकांनी घेतली होती.

त्याहून जवळचं उदाहरण दुधगावचं. आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या या गावात १९१० च्या सुमारास भाऊराव पाटील आणि त्यांच्या सोबत्यांनी सगळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढलं. पैसा नव्हता. घराघरातून मूठमूठ धान्य गोळा केलं जाई, त्याला मुष्टिफंड म्हणत. याच भाऊरावांनी आपल्या इस्लामपुरात शाळेच्या बाहेर बसवलेल्या ज्ञानदेव घोलप या मुलाला कोल्हापूरच्या मिस क्लार्क वसतिगृहात नेऊन ठेवलं. ते घोलप पुढे 'मूकनायक'चे संपादक झाले, मुंबई कायदेमंडळात गेले. त्या मुलाकडे आधी फी मागितली असती तर तो शाळेच्या पायरीवरच राहिला असता.

आमचं म्हणणं एवढंच आहे: मुलानं फी भरू नये, आणि शिकवणाऱ्यानं फुकट शिकवू नये. मानधन वस्तीनं द्यावं. ज्याच्या घरात शिकणारं मूल नाही त्यानंही द्यावं. कारण वस्तीतल्या मुली धीट झाल्या तर ते सगळ्यांच्याच उपयोगाचं आहे.

हिशोब करून पाहू. समजा वस्तीत ६० घरं आहेत. घरटी महिन्याला ६० रुपये, म्हणजे दिवसाला दोन रुपये. महिन्याचे ३,६०० रुपये झाले. महिन्यात १२ वर्ग, प्रत्येकी २५० रुपये, म्हणजे सरांचे ३,०००. उरलेल्या ६०० रुपयांत प्रथमोपचार पेटी आणि हळूहळू मॅट. ज्या घराला जमत नाही त्याला माफ, आणि त्याचं नाव फळ्यावर लिहायचं नाही. जमाखर्च मात्र दर पौर्णिमेला विहारात वाचायचा. जयंतीच्या डीजेचं एका रात्रीचं भाडं किती असतं ते मंडळाच्या पोरांना विचारा, म्हणजे पैसा नाही हे म्हणणं किती खरं ते कळेल. त्या डीजेनं कानांचं आणि छातीत धडधडणाऱ्या म्हाताऱ्यांचं काय होतं, हे या पानावर वेगळं सांगायला नको.

सरकारी पैसाही आहे. समग्र शिक्षा योजनेत सरकारी शाळांतल्या सहावी ते बारावीच्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण आहे. तीन महिने, शाळेला महिन्याला ५,००० रुपयांपर्यंत. आपल्या शाळेत ते होतं का, हे आयांनी मुख्याध्यापकांना विचारावं. पण तीन महिने म्हणजे सुरुवात. पुढचे नऊ महिने वस्तीचेच आहेत.

मानधन दिलं की हे विचारा

पैसे देण्याचा खरा फायदा हाच की मग विचारता येतं. प्रत्येक वस्तीनं या गोष्टी शिकवणाऱ्याशी आधीच ठरवून घ्याव्यात.

१. उघड्या फरशीवर पाडापाडी आणि उड्या नकोत. मॅट नसेल तर माती किंवा गवत. मॅट रोज पुसायची. अंगावर गजकर्ण असलेल्या मुलानं बरं होईपर्यंत अंगाला अंग लागणारे प्रकार करायचे नाहीत.

२. सूज आली तर चोळायचं नाही, शेकायचं नाही. बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं ठेवायचा, तो भाग उंच ठेवायचा. हात-पाय वाकडा दिसला, बोटं बधिर किंवा निळी पडली, तर थेट सरकारी दवाखाना. हाड बसवणाऱ्याकडे नाही.

३. डोक्याला मार लागला तर त्या दिवशी खेळ बंद. उलटी, गुंगी, असंबद्ध बोलणं, वाढती डोकेदुखी यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी दवाखान्यात न्यायचं.

४. स्पर्धेत वजन बसावं म्हणून मुलाला उपाशी ठेवायचं नाही, पाणी तोडायचं नाही.

५. पाळीत व्यायाम चालतो. जिला त्रास होतो तिनं बसावं, पण कारण चारचौघांत विचारायचं नाही. चक्कर, धाप, फिकट डोळे दिसले तर हिमोग्लोबिन तपासायचं. बारा वर्षांवरच्या मुलीचं १२ च्या खाली असेल तर उपचार हवेत. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी गोळी खायची, फेकायची नाही. सोबत अंडं, भिजवलेले हरभरे, पालेभाजी आणि वर लिंबू.

६. मुलींच्या वर्गात वस्तीतली एक बाई रोज बसलेली असावी. कुठं हात लावून शिकवायचं ते सगळ्यांदेखत ठरवायचं. एकट्या मुलीला जादा सरावाला बोलवायचं नाही. काही वावगं वाटलं तर मुलीनं १०९८ वर फोन करावा, आणि आईनं तिच्यावर आधी विश्वास ठेवावा.

७. बेल्ट, ड्रेस, स्पर्धा यांचा वर्षाचा खर्च पहिल्या दिवशीच कागदावर लिहून द्यायचा. बेल्ट घेतला नाही म्हणून कुणाला मागच्या रांगेत उभं करायचं नाही.

इस्लामपूरच्या त्या विहारात गेल्या आठवड्यात बैठक झाली. मंडळातले काहीजण म्हणाले, जयंतीचा फंड जयंतीलाच. बायका म्हणाल्या, मग आम्ही वेगळी वही घालतो. अजून सगळी घरं तयार नाहीत. पहिले साठ रुपये त्याच मावशीनं ठेवले, जिनं आमच्यापुढं तक्रार केली होती. सर अवघडून म्हणाले, "मावशी, तुम्ही नका दिऊ." ती म्हणाली, "का बरं? उद्या पोरीचा हात मोडला तर तुला इचारायचं हाय मला."

सर हसले आणि वहीवर सही केली. सोमवारी वर्ग पुन्हा सुरू होतोय.