गुळवेलीचा अर्क आणि काचपात्रातील पेशी

गेल्या पावसाळ्यात अवसरी खुर्द येथील आमच्या चिकित्सालयात मंचरकडील एक गृहस्थ आपल्या मातोश्रींना घेऊन आले. स्तनातील गाठ कर्करोगाची असल्याचे निदान झाले होते व शस्त्रक्रियेचा दिवसही ठरला होता. त्यांच्या हाती एका औषधाचे पत्रक होते. गुळवेलीने कर्करोगाच्या पेशी नष्ट होतात हे संशोधनाने सिद्ध झाले आहे, असे त्यावर छापले होते. "वैद्यराज, मग आईला चिरफाड कशाला?" हा त्यांचा प्रश्न.

पत्रकात ज्या शोधनिबंधाचा आधार दिला होता तो आम्ही मिळवून वाचला. प्रयोग काचपात्रात वाढविलेल्या पेशींवरचा होता. द्रव्याविषयी 'गुळवेलीचा अर्क' एवढेच शब्द. कांड की पत्र, आर्द्र की शुष्क, जलात काढलेला की मद्यार्कात, किती द्रव्यापासून किती अर्क, कशाचाही उल्लेख नाही. वनस्पतीची ओळख कोणी पटविली, तेही नाही. टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया व टिनोस्पोरा क्रिस्पा यांत गल्लत होऊ नये म्हणून आयुष मंत्रालयास 2022 मध्ये खुलासा करावा लागला होता, हे वाचकांस स्मरत असेल. आम्ही निबंधाच्या लेखकांस पत्र लिहिले. द्रव्य बाजारातून घेतले, बॅच क्रमांक नोंदविला नाही, असे प्रांजळ उत्तर आले.

पेशींच्या बाजूसही हीच कथा. 1951 साली अमेरिकेत हेन्रिएटा लॅक्स या स्त्रीच्या अर्बुदातून वाढविलेल्या 'हेला' पेशी इतर अनेक पेशीवंशांत मिसळल्याचे 1966 मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखविले. म्हणजे यकृताच्या म्हणून तपासलेल्या पेशी मुळात गर्भाशयमुखाच्या असू शकतात! आज डीएनए चाचणीने पेशीवंशाची खात्री करता येते. आपल्या पुण्यात विद्यापीठाच्या आवारातील राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र देशभरच्या संशोधकांस पेशीवंश पुरविते. पेशी कोठून आणल्या, त्यांची ओळख केव्हा तपासली, मायकोप्लाझ्माचा संसर्ग नव्हता ना, हे दोन ओळींत लिहिणे अवघड नाही.

वनस्पतिज अर्कांची एक खास अडचण मात्र आपण जाणून घेतली पाहिजे. जिवंत पेशी मोजण्याच्या एमटीटी परीक्षेत पिवळे द्रव्य जिवंत पेशींमुळे जांभळे होते. पण पुष्कळ अर्क पेशी नसतानाही ते जांभळे करतात आणि मेलेल्या पेशी जिवंत भासतात. म्हणून पेशीविरहित अर्काची तुलना निबंधात हवीच. हळदीतील कर्क्युमिन अशाच तऱ्हेने कित्येक परीक्षांत फसवे निष्कर्ष देते, असे 2017 च्या एका विस्तृत समीक्षेत रसायनशास्त्रज्ञांनी मांडले. ते वाचून आम्हांस प्रथम राग आला होता. दुसऱ्या वाचनात पटले.

आणि मात्रा? समजा, दर मिलिलीटरला शंभर मायक्रोग्रॅम अर्काने पेशी मेल्या. पाच लिटर रक्तात तेवढे प्रमाण साधण्यास अर्धा ग्रॅम अर्क जसाच्या तसा रक्तात उतरावा लागेल. काचपात्रातील पेशीला ना जठराग्नी, ना यकृत, ना अनुपान. आपण ज्या क्वाथाचे गुण सांगतो, तो तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

काचपात्रातील पद्धतींसाठी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने 2018 मध्ये मार्गदर्शिका काढली. वनस्पतिज अर्कांच्या वर्णनासाठी 2022 मध्ये संशोधकांचे सहमतिपत्र आले. औषधनिर्मात्या बंधूंचा संबंध येथे येतो. संशोधकांस नमुना देताना बॅच क्रमांक, वनस्पतीचे शास्त्रीय नाव, उपयुक्त अंग, संग्रहाचा काळ व अर्काचे प्रमाण यांची चिठ्ठी सोबत द्यावी व थोडा नमुना स्वतःकडे राखावा. कर्करोग बरा करण्याची जाहिरात 1954 च्या कायद्याने निषिद्ध आहे, हेही पत्रक छापण्यापूर्वी आठवावे.

त्या गृहस्थांस आम्ही निबंधातील मात्रेचे गणित कागदावर मांडून दाखविले. शस्त्रक्रिया ठरल्या दिवशी झाली. मातोश्री आता अग्निमांद्यासाठी आमच्याकडे येतात. गुळवेल घ्यावी काय, हे मात्र दर वेळी विचारतात.