लहान मूल आणि वाघ्याचें पान

अमेरिकेंतील कॅलिफोर्निया संस्थानांत १७ जुलै १९५५ रोजीं डिस्नेलँड हें करमणुकीचें उद्यान उघडलें. या व अशा इतर उद्यानांतील कांहीं भोजनगृहांत एक निराळीच व्यवस्था असते. कुटुंब जेवावयास बसलें, कीं चित्रपटांतील उंदीर, बदक किंवा राजकन्या यांचीं सोंगें घेतलेलीं माणसें एकेका मेजापाशीं येतात, मुलांचा हात हातीं घेतात, त्यांच्या वहींत सही करून देतात आणि पुढल्या मेजाकडे वळतात. आईबाप त्यासाठीं पुष्कळ पैसे मोजतात. आणि तरीही, ज्या उंदराचें चित्र उशाशीं घेऊन मूल रोज निजतें, तोच उंदीर माणसाएवढा होऊन समोर उभा राहिला, म्हणजे तें कित्येकदां किंकाळी फोडून आईच्या कुशींत तोंड लपवितें.

नांदेड व लातूर या भागांतील श्रोत्यांस हा प्रकार अगदींच परका वाटूं नये. नांदेडहून लातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, लोहा तालुक्यांत, माळेगांव येथें खंडोबाची यात्रा भरते. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीस देवस्वारी निघते. मग कांहीं दिवस घोड्यांचा व गाढवांचा बाजार, लाल कंधारी जनावरांचें प्रदर्शन, कुस्त्या, लावणी यांची गर्दी उसळते. शहरांत वाढलेल्या मुलास घोडा इतक्या जवळून दिसावा, हेंच पुष्कळ झालें. परंतु त्याच्या मनावर सर्वांत खोल ठसा उमटतो तो वाघ्याचा. खांद्यावर काळी घोंगडी, कपाळभर पिवळा भंडारा, गळ्यांत कवड्यांची माळ व भंडाऱ्याची पिशवी, हातीं दिमडी. आणि शेजारीं घाटी वाजवीत उभी असलेली मुरळी.

मंडळी शिदोरी सोडून बसली असतां असा वाघ्या समोर आला, तर त्याच्या कोटंब्यांत कांहींतरी घालावें, अशी रीत आहे. कोटंबा म्हणजे त्याचें चौकोनी भिक्षापात्र. खंडोबाजवळ जसा घोडा, तसा कुत्राही असतो, आणि वाघ्या स्वतःस देवाच्या दारचा तो कुत्राच मानतो. म्हणून कांहीं विधींच्या वेळीं वाघे कुत्र्यासारखे भुंकतात आणि कोटंब्यांत घातलेलें अन्न त्याच भावनेनें खातात. मोठ्या माणसास यांतील दास्यभक्ति कळते. तीन वर्षांच्या मुलास मात्र एक दाढीवाला मनुष्य भुंकतांना दिसतो, एवढेंच.

तें घाबरलें तर त्यास भित्रें म्हणून हसणें हें अडाणीपणाचें होय. ऱ्हीटा डिव्हरीज या अमेरिकन विदुषीनें १९६९ सालीं प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथें उपयोगी पडेल. तिनें मुलांस एक गरीब मांजर दाखविलें, त्यास कुरवाळूं दिलें. नंतर त्याचें डोकें आडोशास घेऊन, शेपटाकडील भाग मुलांस दिसत ठेवून, त्यास उग्र कुत्र्याचा मुखवटा चढविला. तीन वर्षांच्या पुष्कळ मुलांनीं मांजराचा खरोखरच कुत्रा झाला असें मानलें. सहा वर्षांच्या मुलांस बहुधा कळत होतें, कीं मुखवट्याखालीं मांजरच आहे. म्हणजे सोंग हें सोंगच, ही समज उपजत नसून या तीन-चार वर्षांत हळूहळू येते. तोंवर मुलाची भीति खरी असते, आणि त्या वेळीं त्याचा एकमेव आधार म्हणजे ज्यानें त्यास कडेवर घेतलें आहे तो माणूस. छायाचित्र चांगलें यावें म्हणून त्या माणसानेंच त्यास उचलून वाघ्याच्या मांडीवर ठेवलें, तर मुलाचा विश्वास कोणावरचा उडेल, तें सांगावयास नको.

जेवणाची वेळ मात्र या भेटीस फार अनुकूल. रस्त्यांत सोंग अवचित अंगावर येतें. पंक्तींत मूल आईच्या मांडीवर असतें, हातांत भाकरीचा तुकडा असतो, आणि येणारा दुरून येतांना दिसतो. शिवाय येथें मुलास कांहीं करावयाचें असतें. उद्यानांतील मुलास सही मिळते. येथें मूल देणारें होतें. ज्वारीची भाकरी व भरीत कोटंब्यांत घालण्याचें काम त्याजकडे द्यावें. तें पुढें होईना, तर वडिलांनीं घालावें व मुलानें पाहावें. दुसऱ्या वेळीं बहुधा तें आपण होऊन हात पुढें करतें. वाघ्याचें तोंड उघडें असतें, तो बोलतो, हसतो, नांव विचारतो. पूर्ण मुखवट्यांतील उंदरास तर बोलण्याचीही मुभा नसते. हा वाघ्याचा मोठाच गुण.

त्याहून सौम्य ओळख हवी असेल तर घरींच तळी भरावी. ताम्हनांत भंडारा, खोबरें, पानसुपारी ठेवून पांच जणांनीं तें उचलावें व येळकोटाचा गजर करावा. मग हळद लागलेला खोबऱ्याचा तुकडा मुलाच्या हातीं द्यावा. यात्रेंत तोच गजर कानीं आला, कीं मूल दचकण्याऐवजीं खोबरें मागूं लागतें.

मुरळीविषयीं मात्र आईबापांनीं जपून बोलावें. ‘ही देवाची बायको’ असें कौतुकानें सांगण्याची चाल आहे. त्या शब्दांमागें, नवस फेडण्यासाठीं अजाण मुलींचें खंडोबाशीं लग्न लावून त्यांस संसारास मुकविण्याची क्रूर रूढी आहे. महाराष्ट्रांत देवदासी प्रथा नाहींशी करण्यासाठीं २००५ चा कायदा आहे. आज जागरणांत मुरळी म्हणून उभ्या राहणाऱ्या पुष्कळ स्त्रिया गाणाऱ्या कलावंत असतात, आणि ‘या बाई देवाचीं गाणीं गातात’ एवढें उत्तर चार वर्षांच्या मुलीस पुरेसें आहे.

कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. देवस्वारीच्या वेळीं भंडारा उधळतात; तो डोळ्यांत गेला तर मूल पुढचें सारें विसरतें, म्हणून गर्दीच्या कडेस उभें राहावें. मार्गशीर्षाची थंडी असते, तेव्हां कानटोपी हवी. खिशांत नांवाची व दूरध्वनीच्या क्रमांकाची चिठ्ठी ठेवावी. रात्रभर चालणारें जागरण लहानग्यांसाठीं नव्हेच. सकाळीं जाऊन दिवेलागणीपूर्वीं परतावें.

घरीं आल्यावर दोन दिवस मूल स्वयंपाकघरांतील वाटी घेऊन दारोदार हिंडेल, भुंकेल आणि आजीकडे पोळी मागेल. त्यास थांबवूं नये, आणि वाटींत पोळी खरीखुरी घालावी.