खुर्ची की स्वभाव?

रुग्णालयाच्या अधीक्षकाची खुर्ची हौसेनं मागून घेणारे डॉक्टर थोडेच. औषधांच्या निविदा, ड्यूटी लिस्ट, बंद पडलेली लिफ्ट, चिडलेले नातेवाईक, वरून येणारे फोन. तरी काहीजण तिथे रमतात, काही वर्षभरात बदलीच्या मागे लागतात. फरक खुर्चीत की माणसात?

हा वाद जुना आहे. १९३५ साली रॉबर्ट हॉपॉकने अमेरिकेत नोकरीतल्या समाधानावर पुस्तक लिहिलं. १९५९ मध्ये फ्रेडरिक हर्झबर्गने पिट्सबर्ग भागातल्या इंजिनियर आणि हिशेबनीसांशी बोलून मांडलं की समाधान कामातूनच मिळतं; पगार आणि वरिष्ठ फार तर असमाधान टाळतात. पुढे बरीच वर्षं सगळ्यांची नजर कामावरच राहिली.

१९८५ मध्ये बॅरी स्टॉ आणि जेरी रॉस यांनी ती माणसाकडे वळवली. मालक बदलला, पेशाही बदलला, तरी समाधानाची पातळी बरीचशी तशीच राहते, असं त्यांना आढळलं. १९८९ मध्ये वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांच्या अभ्यासाने समाधानातला सुमारे ३० टक्के फरक आनुवंशिकतेच्या खाती टाकला. म्हणजे कुरकुऱ्याला कुठेही बसवा, तो कुरकुरणारच! वरिष्ठांना हा निष्कर्ष भलताच सोयीचा.

मग २००२ मध्ये टिमोथी जज आणि सहकाऱ्यांनी स्वभावाचे पाच मुख्य गुण आणि नोकरीतलं समाधान यांवरच्या १६३ नमुन्यांचा एकत्र हिशेब मांडला. चिंताळूपणाचा समाधानाशी संबंध उणे ०.२९, कामसूपणाचा ०.२६, बहिर्मुखतेचा ०.२५, नव्याच्या ओढीचा जवळजवळ शून्य. पाचही गुण मिळून ०.४१. याचा वर्ग केला की हाती येतो समाधानातला जेमतेम १७ टक्के फरक. स्वभावाचा वाटा खरा, पण उरलेलं बरंच काही त्याच्याबाहेर आहे.

हे आकडे सगळ्या प्रकारच्या नोकऱ्यांचे. रुग्णालयात मला कामसूपणाचीच जास्त काळजी वाटते. प्रत्येक फाईल हातावेगळी केल्याशिवाय चैन न पडणाऱ्या माणसाला इथे चैन कधी पडायचं? रुग्णालयाचं काम संपतच नाही. चिंताळू माणसाचे हाल तर कोविडच्या काळात ऑक्सिजनचा साठा मोजताना काय झाले असतील, ते सांगायला नको.

आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने जिल्ह्याजिल्ह्यांत कार्यक्रम व्यवस्थापक आणले, तेही कंत्राटावर. करार वाढेल की नाही या घोरात असलेल्याला आनंदी स्वभाव कितीसा पुरणार? नेमताना स्वभावचाचणी खुशाल घ्या. पण आधी त्याची नोकरी पक्की करा आणि निदान एक वॉर्डबॉय बदलण्याचा अधिकार तरी त्याला द्या.