दुधी आधी चाखा, मगच चिरा

गेल्या उन्हाळ्यातील गोष्ट. सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच कळंब भागातील एका शेतकऱ्याला जीपमधून आणले. वय साठीच्या पुढे, मधुमेहाचे माझे जुने रुग्ण. पोटात असह्य कळा, उलट्या थांबेनात, शेवटच्या उलटीत रक्त. रक्तदाब खूप खाली गेलेला. सलाईन लावता लावता विचारले, "मामा, काय खाल्लंत?" म्हणाले, "खाल्लं काय न्हाई डाक्टर, दुधीचा रस पिलो पेलाभर. कडूजहर लागला, पर औषध म्हनलं की कडूच असतंय की!"

मी वरमलो. 'दुधी खात जा' असे त्यांना मीच सांगितले होते. सांगितली होती भाजी. रस त्यांनी कोणाचे तरी ऐकून सुरू केला. पण सावध करायचे माझ्याकडून राहिले, हे खरे. त्यांना जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले. पाच दिवसांनी घरी आले, नशीब बलवत्तर.

वाचकहो, दुधी वाईट नाही. शंभर ग्रॅममध्ये सुमारे ९५ ग्रॅम पाणी, उष्मांक जेमतेम १५. पचायला हलका. पण काकडी-भोपळ्याच्या कुळातील वेली कीड व जनावरांपासून बचावासाठी कुकुरबिटासिन नावाची कडू द्रव्ये तयार करतात. गोड दुधीत ती नगण्य असतात. कडू दुधीत ती इतकी वाढतात की जठराच्या आतील अस्तराला जखमा होतात. भाजीचा कडू घास माणूस थुंकून टाकतो. रस मात्र नाक दाबून एका दमात पितो. घात होतो तो इथे.

२०१० साली दिल्लीत एका शास्त्रज्ञाचा असा रस पिऊन मृत्यू झाला. त्यांनी दुधीच्या रसात कारल्याचा रस मिसळला होता, म्हणजे कडूपणा कशाचा हे कळायला मार्गच नाही. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. तरीही २०१८ साली पुण्यात एक महिला दगावलीच.

मामांच्या शेतात कडूपणा आला कुठून? बरे झाल्यावर त्यांनीच उलगडा केला. बी घरचेच, आदल्या वर्षी राखलेले. आणि विहिरीच्या कडेला पोरांना पोहायला शिकवण्यासाठी लावलेला कडू भोपळ्याचा वेल! दुधीची पांढरी फुले संध्याकाळी उमलतात. पतंग, मधमाश्या या वेलावरचे पराग त्या वेलावर नेतात. अशा संकराने त्या वर्षीचे फळ कडू होत नाही, पण त्याच्या बियांतून पुढच्या वर्षी कडू वेल निघू शकतो. शेजारी कारले लावल्याने दुधी कडू होतो, ही समजूत मात्र खोटी. दोन्हींचा संकर होतच नाही. त्यात आपल्याकडचा उन्हाळा. विहीर आटली, पाण्याची पाळी चुकली की ताण बसलेल्या वेलात कडूपणा वाढतो.

म्हणून बी दरवर्षी खात्रीचे घ्यावे. राहुरी कृषी विद्यापीठाचे 'सम्राट' आपल्याकडे माहितीचे आहे. उन्हाळी लागवड जानेवारी-फेब्रुवारीत, पावसाळी जून-जुलैत. ठिबकने पाणी थोडे पण नियमित द्यावे. वेल मांडवावर चढवला तर फळे सरळ, स्वच्छ येतात. नख सहज रुतते तोवरच तोडा करावा. फवारणी केली असल्यास डब्यावर लिहिलेले दिवस उलटल्याशिवाय नको. हा सल्ला शेतीखात्याचा वाटेल, पण विषबाधेचे रुग्ण येतात ते माझ्याकडे!

एका वेलाचे फळ गोड म्हणून शेजारच्याचे गोड, असे नाही. प्रत्येक दुधीचा लहानसा तुकडा चिरण्यापूर्वी कच्चा चाखावा. कडू लागला तर थुंकून चूळ भरावी आणि फळ टाकून द्यावे. जनावरांपुढेही नको. मीठ लावून किंवा शिजवून कडूपणा जात नाही. कीर्तनात सांगतात ना, तीर्थात बुचकळून आणलेला भोपळा कडूच राहिला!

रसाने साखर उतरते, असा भरवशाचा पुरावा नाही. गोळ्या बंद करू नयेत. तरी प्यायचाच असेल तर चाखून, आणि दुसऱ्या कशात न मिसळता.

चुकून कडू रस पोटात गेलाच आणि मळमळ, कळा, जुलाब सुरू झाले तर घरगुती उपायांत वेळ दवडू नये. यावर उतारा नाही. सलाईन आणि जठराला जपणारी औषधे वेळेवर मिळाली तर बहुतेक रुग्ण बरे होतात. डॉक्टरांकडे पोहोचताच रस प्यायल्याचे सांगावे, आणि उरलेला दुधी सोबत आणावा.