तो, ती की ते?
मराठीत ‘ते मांजर’ म्हटले की भागते. इंग्रजी चित्रकथेतील बोलत्या मांजराला मात्र सहसा तो किंवा ती व्हावे लागते. जॉर्ज हेरिमन यांनी ‘क्रेझी कॅट’ या चित्रमालिकेत (१९१३-१९४४) हा निकाल अखेरपर्यंत दिला नाही. उंदराने फेकलेली वीट प्रेमाची खूण मानणारे हे वेडे मांजर कधी तो, कधी ती. दिग्दर्शक फ्रँक काप्रा यांच्या आठवणीप्रमाणे, क्रेझी नरही नव्हे आणि मादीही नव्हे, असेच हेरिमन म्हणाले होते.

आज त्याला ‘नॉनबायनरी’ म्हणणारे आहेत. शब्द नवा म्हणून आम्ही नाक मुरडणार नाही. चित्रांत त्याला आधार आहे. परंतु कर्त्याने जाणून मोकळी ठेवलेली जागा भरण्याची घाई कशाला? शिक्क्यांचा जाच हेरिमन यांना ठाऊक असणारच. १८८० च्या जन्मनोंदीत ते ‘कलर्ड’ होते, १९४४ च्या मृत्यूच्या दाखल्यात गोरे.