समुपदेशकाच्या खोलीत न्यायनिवाडा होत नाही

नवराबायकोचे खटके वाढले आणि कुणी समुपदेशकाचं नाव काढलं, की घरातून पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे आता घटस्फोटच का?’ हा समज कौटुंबिक न्यायालयांमुळे रुजला असावा. तिथे अर्ज केल्यावर विवाह समुपदेशकाकडे पाठवतात, त्यामुळे अनेकांची समुपदेशनाशी ओळखच तिथे होते. वास्तविक कोर्टाचा विषय मनातही नसताना गेलेल्या जोडप्याला समुपदेशनाचा जास्त उपयोग होतो, कारण तोवर एकमेकांबद्दलची कटुता घट्ट झालेली नसते.

याहून चिवट समज म्हणजे, समुपदेशक दोघांचं ऐकून घेईल आणि चूक कुणाची ते सांगेल. त्याचं काम निवाडा देणं नसतंच. भांडणाचा विषय रोज बदलला तरी भांडणाची रीत तीच असते, ती रीत तो शोधतो. सर्वांत जास्त आढळणारी रीत अशी: एक जण बोलायला लावतो, दुसरा गप्प होतो. ती म्हणते, तू उत्तर देत नाहीस म्हणून माझा आवाज चढतो. तो म्हणतो, तुझा आवाज चढतो म्हणून मी उठून जातो. दोघांनाही मनापासून वाटतं, सुरुवात समोरच्याने केली. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अँड्र्यू क्रिस्टेन्सन यांनी या ‘मागणी आणि माघार’ चक्राचा अनेक वर्षं अभ्यास केला. हे चक्र दोघांना एकत्र दिसलं, की जोडीदाराशी झगडण्याऐवजी चक्राशी झगडता येतं. जॉन गॉटमन यांच्या संशोधनानुसार जोडप्यांचे सुमारे 69 टक्के वाद कायमचे मिटतच नाहीत, सुखी जोडप्यांचेही नाहीत. एकाचा हात सढळ, दुसऱ्याचा आखडता. हे बदलत नाही. त्यावर बोलण्याची पद्धत मात्र बदलू शकते.

मारहाण असेल तर यातलं काही लागू नाही. तिथे दोघांचा वाटा शोधत बसायचं नसतं. आधी सुरक्षितता: महिलांसाठी 181 ही हेल्पलाइन आणि 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे.

कधी कधी नात्यातला दुरावा वाटतो तो आजार असतो. माणूस बोलेनासा होतो, चिडचिड करतो, झोप उडते, जवळीक नकोशी होते. जोडीदार समजतो, याला आपल्यात रस उरला नाही. सासरचे म्हणतात, आळशी आहे. अशी लक्षणं दोन आठवडे जवळजवळ रोज राहिली, तर नैराश्याची तपासणी करून घ्यायला हवी. पुरुषांमध्ये ते पुष्कळदा रडण्यापेक्षा रागातून दिसतं, म्हणून ओळखूच येत नाही. पॅनिक अटॅकचंही तसंच. छाती धडधडते, आता मरणार असं वाटतं, ईसीजी मात्र नॉर्मल येतो. ‘काही झालेलं नाही’ असं सांगून घरी पाठवलेल्या माणसाला जे झालं ते खरंच असतं, आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

‘लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल’ हा मला सर्वांत घातक सल्ला वाटतो. लग्न हा कुठल्याही मानसिक आजारावरचा उपचार नाही. उलट नव्या घरात आजार लपवायचा म्हणून गोळ्या बंद केल्या जातात आणि आजार उलटतो. यात दोन माणसांची फसवणूक होते, त्यातलं एक आधीच आजारी असतं.

गोळ्यांची सवय लागते, ही भीतीही सार्वत्रिक आहे. नैराश्यावरच्या गोळ्यांची नशेसारखी तलफ लागत नाही. त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि त्या एकदम बंद केल्या तर चक्कर, अस्वस्थता असा त्रास होऊ शकतो. म्हणून त्या मनोविकारतज्ज्ञाच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. सौम्य नैराश्यात अनेकदा गोळ्यांशिवाय, नुसत्या थेरपीनेही भागतं.

‘पण नुसतं बोलून काय होणार?’ थेरपी म्हणजे मन मोकळं करणं एवढंच नाही, ‘सकारात्मक विचार करा’ हा उपदेश तर नाहीच. अल्बर्ट एलिस यांनी 1955 मध्ये मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती महाराष्ट्रात कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचा गाभा असा, की घटनेइतकाच तिच्याविषयीचा आपला समज भावना घडवतो. नवऱ्याने फोन उचलला नाही, ही घटना. ‘मी त्याला नकोशी झाले आहे’ हा समज. थेरपीत या समजाला पुरावा विचारला जातो आणि घरी करून पाहायला गृहपाठ मिळतो. तो केला नाही, तर फरकही कमीच पडतो.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्याच्या दर 100 रुग्णांपैकी सुमारे 85 जण उपचारांबाहेर आढळले. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल तर 14416 वर ‘टेलि मानस’ला फोन करा. ही सरकारी सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं.